वडशाच्या पुढचे पन्नास किलोमीटर

वडसा स्टेशनवर पॅसेंजर थांबली की माणसांच्या आधी सामान खाली येतं. भाजीच्या टोपल्या, लुगड्यात बांधलेली गाठोडी, तांदळाचे कट्टे. दिवाळी सरली की त्यात हार्मोनियमची पेटी, तबल्याची खोळ आणि रंगवलेल्या पडद्यांच्या लांबलचक गुंडाळ्यांची भर पडते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीला लागतो आणि होळीपर्यंत चालतो. गावोगावच्या मंडईच्या जत्रेला आणि बैलांच्या शंकरपटाच्या रात्री नाटक उभं राहतं, ते उजाडताना संपतं. या रंगभूमीची राजधानी वडसा. कंपन्यांची कार्यालयं इथं, बुकिंग इथं, नट-नट्यांचे करार इथं. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव नव्यानं कळलं. आरमोरी सोडून हे सगळं वडशालाच का जमलं, याचं माझं उत्तर साधं आहे. वडशाला स्टेशन आहे. नागपूर-पुण्याहून येणारा नट इथं उतरू शकतो.

सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज, स्टेशनच्या पाटीवर वडसा आणि लोकांच्या तोंडीही वडसाच. स्टेशनाबाहेर पडलं की काळीपिवळीवाले ‘आरमोरी, गडचिरोली’ असा पुकारा करत उभे असतात. रेल्वेनं गडचिरोली जिल्ह्याला जे काही दिलं आहे ते इथं संपतं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला, १४,४१२ चौरस किलोमीटरचा, बारा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या घरात लोकसंख्या असलेला हा जिल्हा. त्यात रेल्वे स्टेशन एकच, तेही उत्तरेच्या एका कोपऱ्यात. जिल्ह्याचं ठिकाण तिथून पन्नास किलोमीटर. सिरोंचा त्याच्याही खाली दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथला माणूस रेल्वेसाठी तेलंगणातल्या मंचेरियालकडे बघतो.

वडशाच्या पुढच्या या पन्नास किलोमीटरवर गेली चौदा-पंधरा वर्षं वाद चालू आहे. तो आमदार-खासदारांच्या निवेदनांत आहे, वनखात्याच्या टिपणांत आहे, धानाच्या बांधावर आहे आणि चहाच्या टपरीवरही आहे. मी चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, फाटक पडण्याची वाट बघत शाळेत गेलेला माणूस. मला ही रेल्वे हवी आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहितो त्यात कुणाला आडपडदा वाटायला नको.

वडसा–गडचिरोली हा नवा ब्रॉडगेज मार्ग २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा असं ठरलं. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. कागद दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून नागपूरला, नागपूरहून वनखात्याकडे. या काळात पाचशे कोटींच्या आतला प्रकल्प हजार कोटींच्या वर गेला आणि पुढे अठराशे कोटींच्याही पलीकडे. रुळाची लांबी तेवढीच राहिली आणि किंमत जवळपास चौपट झाली. त्या वर्षी गडचिरोलीत जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याच्या गावात अजून गाडी आलेली नाही.

एवढ्यात ‘मेट्रो’ हा शब्द या मुलखात येऊन पोहोचला. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी अशी धावू लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. त्याआधीच, जुलै २०१८ मध्ये, ‘ब्रॉडगेज मेट्रो’चा करार झाला होता. कल्पना नितीन गडकरींची. नवा मार्ग टाकायचा नाही, रेल्वेच्या चालू रुळांवरूनच मेट्रोसारखे हलके, वातानुकूलित डबे वेगानं पळवायचे आणि नागपूरच्या भोवतालची शहरं जोडायची. पहिल्या आराखड्यात वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड होते. पुढे भाषणांत वडशाचं नाव आलं, चंद्रपूरचं आलं. चंद्रपूरला लोकांचे लगेच दोन तट पडले. एकाला वाटलं, दोन तासांत नागपूर गाठता येईल, मुलं घरी राहून शिकतील, चांद्याच्या धुळीत घर घेऊन राहायची सक्ती उरणार नाही. दुसऱ्याचा प्रश्न होता की तिकीट कितीचं असेल.

हा प्रश्न कुणी कोता समजू नये. मार्च २०२० मध्ये साथीमुळे पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. परत सुरू झाल्या तेव्हा त्यांना ‘स्पेशल’ म्हटलं गेलं आणि भाडं एक्स्प्रेसचं लागलं. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये झालं. डबे तेच, स्टेशनं तीच, वेग तोच. जुनं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. नागभीडच्या बाजारात चार पेंढ्या भाजी विकून परत जाणाऱ्या बाईला येताजाता चाळीस रुपये जास्त मोजणं काय असतं, हे तिलाच विचारावं. मेट्रोच्या चर्चेत ती बाई कधी दिसली नाही. म्हणूनच चांदा फोर्टच्या फलाटावर मेट्रोचा विषय काढला की बोलणं दोन मिनिटांत सकाळच्या पॅसेंजरवर येतं.

नागपूर–नागभीडची गोष्ट याच धाग्यातली. इतवारीहून उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जाणारी छोटी गाडी बंगाल नागपूर रेल्वेनं १९०८ मध्ये सुरू केली. नॅरोगेज, मंद, पण रोजची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. कुणाचा विरोध नव्हता. मोठी गाडी येणार म्हणून लोकांनी शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घातले. तो मार्ग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेनं जातो, म्हणून वन्यजीवांचा प्रश्न आला. मार्ग बदला म्हणणारे आणि आहे तोच राहू द्या म्हणणारे समोरासमोर आले, मग मंजुऱ्या, मग उपाययोजनांचे नकाशे. पाच वर्षं उलटून गेली तरी जुन्या गाडीचे प्रवासी एसटीच्या थांब्यावरच होते. गाडी बंद करायची तारीख ठरली तेव्हा ती परत कधी येणार हे लेखी मागितलं नाही, ही आमची चूक. वडसा–गडचिरोलीच्या वेळी ती पुन्हा व्हायला नको.

* * *

आता जंगलाचं. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण या वादात सगळ्यात जास्त आवाज याच प्रश्नावर होतो आणि कान सगळ्यात कमी याच प्रश्नाला दिले जातात.

२०१८ च्या मे महिन्यात रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर ही दोन स्टेशनं देशात पहिली आली. भिंतींवर ताडोबाचं जंगल रंगवलेलं, खांबाखांबांवर वाघ. आम्हां चांदेकरांना अभिमान वाटला, फोटो काढले, पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेलं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला चिचपल्लीच्या जंगलात बल्लारशाह–गोंदिया पॅसेंजरखाली वाघाचे तीन बछडे मेले. अवघ्या काही महिन्यांचे. पंधरवड्यापूर्वी यवतमाळच्या अवनी वाघिणीचा मृत्यू झाला होता आणि देशभर गदारोळ चालू होता. चिचपल्लीच्या तीन बछड्यांची बातमी दोन दिवस टिकली.

चिचपल्लीकडच्या त्या मार्गाला मी फाटकाजवळून बघितलं आहे. एका बाजूला ताडोबाकडून उतरत आलेलं रान, दुसऱ्या बाजूला जुनोन्याकडचं. मधून एकेरी रूळ. रुळाच्या दोन्ही अंगांना साफ केलेली पट्टी असते. तिथं ऊन पडतं, म्हणून पावसाळ्यानंतर कोवळं गवत तिथंच आधी येतं. गवतावर चितळ येतं, चितळामागे वाघ. सपाटीवर जनावर गाडीचा आवाज ऐकून बाजूला होऊ शकतं. पण जिथं टेकाड कापून रूळ नेलेला असतो, ज्याला रेल्वेची माणसं कटिंग म्हणतात, तिथं दोन्हीकडे मातीच्या उभ्या भिंती असतात. जनावर रुळावरूनच पुढे पळतं. मोठं असेल तर उडी मारून भिंत चढतं, पिल्लू चढू शकत नाही. त्यात वळण असलं तर लोको पायलटला ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. भरधाव गाडी ब्रेक मारल्यावर कित्येकशे मीटर गेल्याशिवाय थांबत नाही. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. रूळ टाकतानाच जे करायला हवं होतं ते त्याच्या हातात कधीच नव्हतं.

हाच मार्ग पुढे केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, तळोधी करत नागभीडला आणि तिथून ब्रह्मपुरी ओलांडून वडशाला जातो. ताडोबाचे वाघ पूर्वेला पसरतात तेव्हा त्यांना हा रूळ ओलांडावाच लागतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंदेवाहीजवळ याच रुळावर एक वाघ मेला. आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारनं गोंदिया–बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, खर्च ४,८१९ कोटी. एका रुळाचे दोन होतील, गाड्या वाढतील, वेग वाढेल. आज जे जनावर दोन गाड्यांच्या मधल्या शांत वेळात पलीकडे जातं, त्याला ती वेळ मिळणार नाही.

वडशाहून गडचिरोलीकडे जाणारा नवा मार्ग वडसा वनविभागाच्या रानाला लागून आहे. वडशाच्या जंगलात ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ नावाच्या वाघाला बेशुद्ध करून पकडलं, तोपर्यंत त्याच्या नावावर तेरा माणसांचे जीव होते. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडहून आलेला रानहत्तींचा कळप याच भागात फिरतो आहे. धानाच्या बांध्या तुडवतो, मोहफुलांची पोती फाडतो, घरांच्या भिंती पाडतो. इथल्या माणसाला वाघ-हत्ती हे भिंतीवरचं चित्र नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे रानात जाणारी बाई घरी येईपर्यंत घरचे दाराकडे डोळे लावून बसतात. म्हणूनच शहरातून आलेला माणूस वाघासाठी रेल्वे अडवा म्हणतो तेव्हा त्यांना ते झोंबतं. आमच्या मेल्या माणसांसाठी कुणी मेणबत्ती लावली नाही, असं त्यांना वाटतं आणि त्यात तथ्य आहे.

पण या रागाला रेल्वे हे उत्तर नाही. जंगल तुटून वाघ कमी होत नाही, तो गावाकडे सरकतो. जायचा रस्ता बंद झालेला वाघ बांधीत येऊन बसतो. ज्याला वाघापासून लांब राहायचं आहे, त्यानं वाघाचा रस्ता मोकळा राहील हे सगळ्यात आधी बघायला हवं. ही गोष्ट वनखात्यानं लोकांना त्यांच्या भाषेत कधी सांगितली नाही. त्यांनी फक्त हरकती लिहिल्या.

रस्ता मोकळा ठेवता येतो, याचा पुरावा लांब नाही, नागपूर जिल्ह्यातच आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चं चौपदरीकरण वर्षानुवर्षं अडलं होतं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखाली जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले, त्यातला सर्वांत मोठा ७५० मीटर लांब. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले, तेव्हा दहा महिन्यांत अठरा जातींची जनावरं त्याखालून जाताना टिपली गेली. त्यात अकरा वेगवेगळे वाघ होते. वरून ट्रक जात होते आणि खालून वाघ. हा खर्च चैनीचा म्हणायचा की प्रकल्पाचाच भाग, यावर वाद घालणाऱ्यांनी मनसरच्या पुढे जाऊन तो पूल एकदा बघून यावा. रस्त्याला जे जमलं ते रुळालाही जमेल. अट एकच, ते मूळ नकाशात हवं. बछडे मेल्यावर कटिंगमध्ये पाट्या लावून काही होत नाही.

* * *

मग प्रश्न येतो विचारायचं कुणाला. हा प्रश्न गडचिरोलीत विचारणं म्हणजे ज्या जिल्ह्यानं देशाला उत्तर शिकवलं त्याच जिल्ह्यात तो विचारणं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा भिंतीवर लिहिली आणि नुसती लिहून थांबलं नाही. गावचा निर्णय एकमतानं घ्यायचा, एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं, अशी रीत पाडली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेलं ते देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी, २००९ मधलं. त्यानंतर या जिल्ह्यात शेकडो गावांना सामूहिक हक्क मिळाले. तेंदू आणि बांबू ग्रामसभा स्वतः विकतात, हिशेब स्वतः ठेवतात.

अशा जिल्ह्यात रेल्वेसाठी वनजमीन वळवताना ग्रामसभेला काय विचारतात? कायद्याचं उत्तर चमत्कारिक आहे. २००९ च्या परिपत्रकानुसार वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं रस्ते, कालवे, रेल्वे, वीजवाहिन्या अशा सरळ रेषेत जाणाऱ्या कामांना त्या संमतीतून मोकळीक दिली. अपवाद ठेवला तो अतिमागास आदिम जमातींच्या हक्कांचा. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतल्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच, म्हणून त्या कायद्याखालची जनसुनावणीही नाही. खाणीला जनसुनावणी लागते, साखर कारखान्याला लागते; पन्नास किलोमीटर रान कापत जाणाऱ्या रुळाला नाही.

यावर अधिकारी म्हणतात, पन्नास गावांना विचारत बसलो तर रेल्वे कधीच होणार नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही आणि त्याचं कारण याच प्रकल्पात आहे. न विचारताही चौदा वर्षं गेलीच ना? उशीर ग्रामसभांनी केला नाही. तो निधी वाटून घेण्यात, खर्च सुधारून मांडण्यात आणि एका खात्याच्या टेबलावरून दुसऱ्या खात्याच्या टेबलावर जाण्यात झाला. पहिल्याच वर्षी गावात नकाशा उलगडून बसले असते तर किमान पाण्याची गोष्ट कळली असती.

पाण्याची गोष्ट अशी. गाढवी, खोब्रागडी, कठाणी या नद्या पूर्वेच्या डोंगरातून येतात आणि पश्चिमेला वैनगंगेला मिळतात. रूळ उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार, म्हणजे प्रत्येक ओढा-नाला आडवा कापत जाणार. हा मुलूख तलावांचा. माजी मालगुजारी तलाव, त्याखाली बोड्या, म्हणजे छोटी तळी, बोडीखाली उतरत्या बांध्या. एका बांधीतलं पाणी धुऱ्यावरून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. नकाशावर ही चाल दिसत नाही, कारण ती कालव्यासारखी रेषेत नसते. शेतकऱ्याला पायाखाली माहीत असते. अशा उतारावर दोन-तीन मीटर उंच मातीचा भराव घातला आणि मोऱ्या चुकीच्या जागी ठेवल्या, तर भरावाच्या वरच्या अंगाला धान सडतं आणि खालच्या अंगाला वाळतं. त्यात वैनगंगेचा पूर. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वडसा, आरमोरीच्या काठच्या गावांना रात्र जागवावी लागते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी आलेला पूर तिथं अजून कुणी विसरलेलं नाही. पुराचं पाणी परत नदीत जायला वाट लागते. भराव ती अडवणार की सोडणार, हे ठरवताना ज्या माणसाच्या घरात पाणी कमरेपर्यंत आलं होतं त्याला नुसतं बोट दाखवायला बोलावलं असतं तरी पुरे होतं.

मोबदल्याचं दुखणं वेगळंच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत रक्कम मिळू शकते. पण बाजारभाव ठरतो आसपासच्या खरेदीखतांवरून. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, ते योग्यच आहे. पण त्यामुळे तिथं खरेदीखतंच कमी होतात आणि जी होतात ती स्वस्तात. कायद्यानं ज्याचं रक्षण करायचं त्याच्याच जमिनीचा भाव कागदावर पडलेला राहतो. चौपट केली तरी तुटपुंज्या रकमेची चौपट. आरमोरीच्या रस्त्यालगत प्लॉट असलेला माणूस रेल्वेच्या नावानं पेढे वाटतो आणि दोन एकर बांधी जाणारा गप्प बसतो, यात विकासविरोध कुठं आला?

* * *

जिल्ह्यातला सगळ्यात मोठा संशय मात्र वेगळा आहे. लोक हलक्या आवाजात विचारतात, ही गाडी आमच्यासाठी आहे का लोखंडासाठी?

संशयाला कारण आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथं सत्तरहून अधिक वाहनं जाळली, काम थांबलं आणि २०२१ पासून ते जोरात सुरू झालं. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहिला. आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागली. रस्ता खचला, अपघात झाले, शाळकरी पोरांना सायकल चालवणं मुश्कील झालं, लोकांनी रस्ता रोखला. त्या ट्रकांपेक्षा मालगाडी शंभर पटींनी बरी, हे मी कुठल्याही गावात उभा राहून म्हणेन. खनिज जाणारच असेल तर ते रुळावरून जावं.

पण रूळ खनिजासाठी टाकला की प्रवाशाचं काय होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. गडचिरोलीहून छत्तीसगडमधल्या बिजापूरमार्गे बचेलीपर्यंत नव्या मार्गाच्या सर्वेक्षणाला रेल्वेनं मान्यता दिली आहे. बचेली म्हणजे बैलाडिला, बस्तरची लोखंडाची खाण. तिथून विशाखापट्टणमकडे जाणारा कोत्तवलसा–किरंदुल मार्ग १९६० च्या दशकात जपानला खनिज पाठवण्यासाठी बांधला गेला. अनंतगिरीच्या डोंगरातून बोगदे खणत नेलेला तो मार्ग अभियांत्रिकीचं मोठं काम आहे. साठ वर्षं त्यावरून दिवसरात्र मालगाड्या जातात. आणि दंतेवाड्याच्या माणसाला प्रवासाला मिळतात त्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. मालगाडीला वाट द्यायला पॅसेंजर तासन्‌तास बाजूला उभी राहते. आमच्याकडे गोंदिया–बल्लारशाह मार्गावर ती आजही राहते. कोळसा आधी, माणूस नंतर. चंद्रपूरला कोळसा आणि वीज मिळाली, सोबत राख मिळाली आणि गाडीसाठी थांबणं मिळालं. गडचिरोलीच्या वाट्याला याची नक्कल येऊ नये.

म्हणून माझं म्हणणं असं. रेल्वे हवी की नको हा वाद आता सोडावा. रेल्वे होणार आहे, आणि व्हावी. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, त्याची पोरं धक्के खात एसटीनं येतात. मोठ्या आजाराचा पेशंट अजून रस्त्यानं नागपूरला न्यावा लागतो, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. डायलिसिसवाल्याला, केमोवाल्याला, त्याच्यासोबत जाणाऱ्या म्हातारीला बसायला नीट जागा देणारी गाडी ही मेहेरबानी नाही. पण ज्या वादाला आज तोंड फुटायला हवं तो वेळापत्रकाचा आहे. पहाटे गडचिरोलीहून निघून कचेरीच्या वेळेला नागपूरला पोहोचणारी आणि संध्याकाळी परतणारी गाडी, पॅसेंजरच्याच भाड्यात, पहिल्या दिवसापासून. मालगाड्या किती आणि कोणत्या वेळी, हे जाहीर. रानातल्या पट्ट्यात रात्रीचा वेग बांधलेला. जनावरांचे मार्ग आणि पाण्याच्या मोऱ्या गाडीच्या आधी पूर्ण, त्यांच्या जागा गावाला विचारून. ब्रॉडगेज मेट्रो उद्या आली तरी तिलाही हीच मोजपट्टी लावा. डबा किती चकचकीत आहे ते बघू नका, ती किती वाजता सुटते आणि कितीला बसू देते ते बघा.

हे मागायला कुणाची परवानगी लागत नाही. मंत्रालयानं रेल्वेला ग्रामसभेची संमती माफ केली आहे. ग्रामसभेला ठराव करायची बंदी कुणी घातलेली नाही. मार्गावरच्या प्रत्येक गावानं एका पानाचा ठराव करावा. त्यात गाडीची वेळ लिहावी, मोरीची जागा लिहावी, जनावरांची वाट लिहावी आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे आणि वनखात्याकडे पोच घेऊन द्यावा. वडशाचे नाटकवाले या हंगामात रात्री-रात्री हजारोंसमोर उभे राहतील; नाटक सुरू होण्याआधी पाच मिनिटं त्यांनीही हा विषय काढावा, ही माझी त्यांना हात जोडून विनंती.

येती ग्रामसभा २६ जानेवारीला आहे.